जिम्नीची नवी चाकं आणि ८० च्या पुढची थरथर: हब रिंग, नट, बॅलन्सिंग, डॅम्पर यांपैकी पैसे कशाला द्यावेत

मारुती सुझुकीच्या पाच दरवाज्यांच्या जिम्नीला बाहेरची (कंपनीची नसलेली) रिम आणि जाड ऑल-टेरेन टायर लावले की गावातल्या रस्त्यावर सगळं छान वाटतं. हायवेवर ताशी ८० ओलांडले की स्टिअरिंग बारीक थरथरायला लागतं, ९० ला हातात स्पष्ट जाणवतं आणि ११० च्या आसपास पुन्हा थोडं निवळतं. गाडी परत दुकानात जाते. तिथे पुन्हा बॅलन्सिंग करून मिळतं, अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) करून मिळतं, कुणी हब रिंग (चाक मध्यात धरणारं कडं) सुचवतं आणि शेवटी नवा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉकर) विकला जातो. बहुतेक मालक हे सगळं याच क्रमाने विकत घेतात. हा क्रम बराचसा चुकीचा आहे.

निकाल आधीच सांगतो. बरोबर मापाची ॲल्युमिनियमची हब रिंग आणि बरोबर जातीचे नट ही दोन वस्तूंची जोडी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी. त्यानंतर प्लेट लावून केलेलं बॅलन्सिंग. टायर दाबून तपासणाऱ्या रोड फोर्स मशीनवरचं काम महाग असलं तरी टायर नवे असताना त्याचे पैसे वसूल होतात. केवळ थरथरीसाठी अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे वाया. आणि डॅम्पर सगळ्यात शेवटी, तोही पुढच्या ॲक्सलची तपासणी झाल्यावरच.

कंपनीच्या जिम्नीवर १५×५.५ ची रिम येते, ऑफसेट (रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबवर टेकणाऱ्या तोंडाचं अंतर) +५ मिमी, टायर १९५/८० आर१५. स्टडचं (चाक धरणाऱ्या बोल्टांचं) वर्तुळ ५×१३९.७, म्हणजे १३९.७ मिमी व्यासावर पाच स्टड, मधलं भोक १०८ मिमी, नटाचे आटे एम१२×१.२५ (१२ मिमी व्यास, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर). जुन्या जिप्सीचंही स्टडचं वर्तुळ आणि भोक हेच, त्यामुळे आपल्याकडच्या बाजारात या मापाच्या रिमांना तोटा नाही. पण ५×१३९.७ हे माप इतर अनेक गाड्यांनाही लागतं. म्हणून बाहेरच्या रिमांचं भोक बहुधा ११० च्या थोडं वर ठेवलेलं असतं, म्हणजे एकच रिम चार जातींच्या गाड्यांना चालते. दुकानदार म्हणतो, ‘साहेब, डायरेक्ट फिटिंग आहे.’ पाचही स्टड भोकांत जातात, या अर्थाने ते खरंच आहे. फक्त चाक हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) मध्यावर बसलं का, हे त्यातून कळत नाही.

मशीन शून्य दाखवतं आणि गाडी तरी हलते

ही गोष्ट नीट समजली तर निम्मा खर्च वाचतो. बॅलन्सिंग मशीनवर चाक मधल्या भोकात कोन घालून पकडतात. म्हणजे मशीन चाकाला भोकाच्या मध्याभोवती फिरवतं आणि त्या मध्याभोवती ते शून्यावर आणतं. गाडीवर मात्र ११०.१ चं भोक १०८ च्या हबवर सैल असतं. तिथे चाकाचा मध्य ठरतो तो पाच नटांच्या कोनाकार तोंडांवर. चाक स्टडवर लटकत असताना जो नट आधी आवळला, तो चाकाला आपल्या बाजूला ओढतो.

फरक किती पडतो ते मांडून पाहू. ११०.१ मधून १०८ वजा केले तर व्यासात २.१ मिमी, म्हणजे चाक मध्यापासून जास्तीत जास्त १.०५ मिमी सरकू शकतं. नट कोनाकार असले तर पूर्ण तेवढं सरकत नाही, पण घाईने गनने आवळलेल्या चाकात अर्धा मिमी सहज राहतो. २३५/७५ आर१५ चा टायर आणि १५×७ ची लोखंडी रिम मिळून साधारण २५ किलो भरतात. २५ किलो अर्धा मिमी बाजूला, म्हणजे रिमच्या काठावर, मध्यापासून १९० मिमीवर, सुमारे ६५ ग्रॅमचं वजन चिकटवल्यासारखं. या टायरचा घेर २.३ मीटर आहे, म्हणून ताशी १०० ला चाक सेकंदाला १२ फेरे मारतं. त्या वेगाला हे ६५ ग्रॅम सुमारे सात किलोच्या जोराने चाकाला बाहेर खेचतात, दर सेकंदाला बारा वेळा. शिवाय टायरचा माथाही अर्धा मिमी वरखाली होतो, तो वेगळा.

हे असंतुलन मशीनवर कधीच दिसणार नाही, कारण मशीनवर चाक मध्यात असतं. म्हणून बॅलन्सिंग तीनदा करा की पाचदा, पडद्यावर दर वेळी शून्य येतं आणि थरथर होती तिथेच राहते. एक खूण लक्षात ठेवा. चाक काढून पुन्हा बसवल्यावर थरथर कमी-जास्त झाली, किंवा तिचा वेग बदलला, तर दोष मध्य चुकण्याचा. काहीही केलं तरी ती तशीच राहिली, तर दोष टायर, रिम किंवा गाडीत.

हब रिंग: घ्या, पण मोजून

हब रिंग म्हणजे रिमचं भोक आणि हब यांच्यातली फट भरणारं कडं. गाडीचं वजन ती पेलत नाही. वजन पेलतो तो नटांनी दाबलेला रिम आणि हबच्या तोंडामधला घर्षणाचा जोड. रिंगचं काम एवढंच की नट आवळेपर्यंत चाक मध्यात धरून ठेवायचं. त्यामुळे ‘रिंग तुटली तर चाक निघेल’ ही भीती अनाठायी आहे.

बाजारात प्लास्टिकच्या आणि ॲल्युमिनियमच्या अशा दोन जाती मिळतात. साध्या कारला प्लास्टिक पुरतं. जिम्नीत मात्र ११०.१ ते १०८ मध्ये रिंगची जाडी जेमतेम १ मिमी उरते, आणि एवढं पातळ प्लास्टिक चाक चढवताना जरा तिरकं लागलं तरी चिरतं. चिखल, ओढ्याचं पाणी आणि घाट उतरताना तापलेले ब्रेक यांपुढे ते टिकत नाही. ॲल्युमिनियमच घ्या. त्याचा एक दोष मात्र आहे: लोखंडी हबवर ॲल्युमिनियम, त्यात कोकणातली खारी हवा, म्हणजे सहा-आठ महिन्यांत रिंग हबला गच्च धरते. बसवताना आतल्या बाजूला कॉपर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला की हा त्रास होत नाही. हे ग्रीस रिमच्या तोंडाला, स्टडला किंवा नटाच्या बसणीला लागू देऊ नका.

रिंग घेण्याआधी व्हर्नियरने मोजमाप करा. रिमवर छापलेल्या किंवा पावतीवर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका. पावडर कोटिंगने भोक दोन-तीन दशांश मिमी लहान होतं. भोक तीन दिशांनी मोजा. हबचा काठही मोजा, पुढचा आणि मागचा वेगवेगळा, गंज घासून काढल्यावर. रिंग रिममध्ये अंगठ्याच्या जोराने बसली पाहिजे आणि हबवर हाताने सरकली पाहिजे. हातोडी लागत असेल तर ती घट्ट आहे. आपोआप पडत असेल तर पैसे वाया. मापाची तयार रिंग मिळाली नाही तर चांगला लेथवाला ॲल्युमिनियमच्या नळीतून चार रिंग काढून देतो, आणि त्या बहुतेक वेळा तयार रिंगपेक्षा नेमक्या बसतात.

एक बारकावा जवळपास सगळेच विसरतात. बऱ्याच रिमांच्या भोकाला मागच्या बाजूने उतार कापलेला असतो. रिंग त्या उतारापलीकडे आत जाऊन बसते आणि हबचा काठ तिच्यापर्यंत पोचतच नाही. दिसायला रिंग बसलेली, कामाला शून्य. तपासायला सोपं आहे: रिंगच्या आतल्या बाजूला मार्करने रेघा ओढा, चाक चढवा, नट हाताने लावा, काढा आणि बघा. रेघा पुसल्या गेल्या असतील तर रिंग हबवर चढली. तशाच असतील तर बाहेर कॉलर असलेली रिंग लागेल. पुढच्या हबमधून लॉकिंग हबचं टोपण बाहेर येतं, म्हणून तिथे रिंगची आतली बाजू त्या टोपणाला घासत नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्या.

नट

इथे चूक झाली तर प्रश्न थरथरीपुरता राहत नाही, चाक सुटण्यापर्यंत जातो. जिम्नीला एम१२×१.२५ लागतात. टोयोटाच्या फॉर्च्युनर-इनोव्हाचे एम१२×१.५ असतात, आणि एकाच डब्यात दोन्ही पडलेले असले की गल्लत होते. १.५ चा नट १.२५ च्या स्टडवर दोन वेढे हाताने जातो, मग अडतो. पोऱ्याने तिथून पुढे गन लावली की स्टडचे आटे गेलेच. म्हणून प्रत्येक नट निदान पाच-सहा वेढे बोटांनी फिरला पाहिजे, हा नियम दुकानात उभं राहून पाळून घ्या.

नटाचं तोंड रिमच्या बसणीशी जुळलं पाहिजे: ६० अंशांची कोनाकार बसण असेल तर ६० अंशांचाच नट, गोल बसण असेल तर गोल तोंडाचा, सपाट असेल तर वॉशरवाला. कोनाच्या बसणीत गोल तोंडाचा नट घातला तर तो एका बारीक कडीवर टेकतो. टॉर्क बरोबर दिसतो, पण चाक मध्यात येत नाही आणि शंभर किलोमीटरांत नट ढिला होतो.

जाड ॲलॉय रिममध्ये नट स्टडवर पुरेसा चढत नाही, ही आणखी एक अडचण. निदान १२ मिमी आटे पकडले पाहिजेत, म्हणजे १.२५ च्या आट्यांवर साडेनऊ-दहा पूर्ण वेढे. मोजा. सात वेढ्यांत नट आवळला जात असेल तर लांब तोंडाचे नट घ्या; तेही पुरत नसतील तर ती रिम या गाडीसाठी नाही. चाकाची भोकं अरुंद असतील आणि पाना जात नसेल तर बारीक अंगाचे, वेगळ्या चावीचे नट मिळतात. त्यांची चावी गाडीतच ठेवा, नाहीतर रात्री घाटात पंक्चर झाल्यावर चाक निघणार नाही.

नव्या लोखंडी रिमच्या बसणीत पावडर कोटिंगचा जाड थर असतो. नट तो थर चिरडतो आणि आवळ कमी होत जाते. बसणीतलं कोटिंग पॉलिश पेपरने हलकं उतरवून घ्या, किंवा पहिल्या पाचशे किलोमीटरांत तीन-चारदा टॉर्क तपासा.

बसवणीची पद्धत, ज्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत

हबचं तोंड वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. स्टडच्या मुळाशी साचलेला गंज चाकाला तिरकं बसवतो. डिस्क किंवा ड्रम जागेवर धरून ठेवणारा पत्र्याचा पातळ वॉशर, किंवा स्क्रूचं डोकं, तोंडाच्या वर आलेलं असेल तर कंपनीच्या रिममध्ये त्याला खाच असते. बाहेरच्या रिममध्ये बहुधा नसते. ते काढा. त्यानंतर चाक हवेत असताना पाचही नट हाताने लावा, चाक थोडं थोडं फिरवत, एक सोडून एक असे पाच टोकांच्या ताऱ्याच्या क्रमाने २०-३० न्यूटन-मीटरपर्यंत घ्या. चाक मध्यात येतं ते याच टप्प्यावर. गाडी खाली टेकवून ५० वर एक फेरी, मग १०० न्यूटन-मीटरवर दुसरी. कंपनीने दिलेला आकडा १०० चाच आहे. आट्यांना ग्रीस लावलं तर त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो, म्हणून आटे कोरडे आणि स्वच्छ. ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर, चाकं गार असताना, पुन्हा एकदा.

इम्पॅक्ट गनने दहा सेकंदांत एक चाक आवळून मोकळं होणाऱ्या दुकानात उत्तम रिंग आणि उत्तम नटही फुकट जातात. टॉर्क रेंच भिंतीवर टांगलेला दिसतो, तो हातात घ्यायला लावा.

बॅलन्सिंग: कुठलं आणि कसं

साधं कॉम्प्युटर बॅलन्सिंग वाईट नाही, पण जिम्नीच्या चाकांना ते कसं केलं यावर सगळं आहे. रिंग लावली असेल आणि भोक स्वच्छ असेल तर कोन लावून केलेलं चालतं. कोन मागच्या बाजूने, आतून घालायला सांगा. रिमची हबवर टेकणारी बाजू तीच, आणि तिथलं भोकच नीट कापलेलं असतं. रिंग बसतच नसेल तर ५×१३९.७ च्या मापाची पाच बोटांची प्लेट लावून चाक स्टडच्या भोकांवर धरलं पाहिजे, जसं ते गाडीवर धरलं जाणार आहे. ही प्लेट सगळ्यांकडे नसते. फोन करतानाच विचारा.

चाक मशीनवर चढवण्याआधी रिमची आतली बाजू धुऊन घ्या. पावसाळी ट्रेलवरून आलेल्या गाडीत रिमच्या आत वाळलेल्या चिखलाचा पाव किलोचा थर ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. नव्या रिमची म्हणून जी थरथर सांगितली जाते, त्यातली कितीतरी प्रेशर वॉशरने जाते. पाणी मारूनही पाहायचं आळसाने राहून जातं, आणि शंभर ग्रॅमची वजनं चिखलाला चिकटवली जातात.

शून्य आल्यावर दोन गोष्टी करायला लावा. एक, बारीक मोजणीचं बटण दाबून पाहा. बरीच मशीनं पाच ग्रॅमच्या आतला फरक शून्यच दाखवतात. दोन, चाक सोडून, अर्धा फेरा फिरवून पुन्हा पकडा आणि फिरवा. पहिल्यांदा शून्य आणि दुसऱ्यांदा वीस ग्रॅम आले तर पकड चुकली आहे. ते बॅलन्सिंग झालेलंच नाही. हा दोन मिनिटांचा प्रयोग कारागिराची पारख करतो. जो कुरकुर न करता करतो, त्याच्याकडेच पुढे जा.

वजनं आत आणि बाहेर दोन्ही पातळ्यांवर लागली पाहिजेत. ऑफ-रोड रिमचा काठ जाड असल्याने क्लिपची वजनं बसत नाहीत, चिकटपट्टीची लावावी लागतात. जागा थिनर किंवा ब्रेक क्लीनरने पुसून, कोरडी करून, दाबून बसवा. वर ॲल्युमिनियमची टेप मारली तर चिखलात टिकतात. कॅलिपरला घासत नाहीत ना, हे चाक हाताने फिरवून ऐका. एका चाकाला शंभर ग्रॅमपेक्षा जास्त लागत असतील तर वजनं लावू नका, टायर रिमवर फिरवा. टायरवर लाल ठिपका असेल तर तो उंच जागेची खूण असतो, तो रिमच्या खोलगट जागेशी यावा. पिवळा ठिपका हलक्या जागेची खूण, तो व्हॉल्व्हपाशी. अर्धा फेरा फिरवून वजन निम्म्यावर आलेलं अनेकदा दिसतं.

पंक्चर रोखणारं द्रव टायरमध्ये असेल तर कोणतंही बॅलन्सिंग टिकणार नाही. द्रव तळाशी साचतं, गाडी चालू लागली की पसरतं, उभी राहिली की पुन्हा साचतं. टायरमध्ये घालायचे बारीक मणी मोठ्या टायरांना उपयोगी पडतात, पण या मापाला त्यांची गरज नाही, आणि टायरमध्ये ओल असेल तर ते गोळा होतात.

रोड फोर्स मशीन

यात चाक फिरताना एक रोलर टायरवर पाचशे किलोहून अधिक जोराने दाबतो आणि टायर कुठे कडक, कुठे मऊ आहे ते मोजतो. हंटर कंपनीची ही मशीनं सर्वात परिचित. वजनाने अचूक संतुलित असलेला टायरसुद्धा एका बाजूने कडक असेल तर दर फेऱ्याला गाडीला वर ढकलतो; साध्या मशीनला हे दिसतच नाही, कारण तिथे टायर हवेत फिरतो. ऑल-टेरेन आणि मड टायरांच्या जाड भिंतींत हा दोष साध्या टायरांपेक्षा जास्त सापडतो. मशीन रिम आणि टायर वेगवेगळे मोजून, टायर रिमवर किती फिरवला तर दोघांचे दोष एकमेकांना मारतील, ते सांगतं.

याचे पैसे द्यावेत असं आमचं स्पष्ट मत आहे, पण दोन अटींवर. रिंग-नट आधी झालेले असावेत, आणि टायर नवे असावेत, म्हणजे एखादा टायर सुधारणारच नसेल तर मुदतीत बदलून मागता येतो. चारही चाकांचे आधीचे आणि नंतरचे आकडे छापून घ्या. पाचव्या चाकाचेही, कारण पाचांतली सर्वात चांगली दोन पुढे आणि सर्वात वाईट एक मागच्या दारावर लावली की अर्धं काम होतं.

हे मशीन जवळपास नसेल तर डायल गेजवर (काट्याने बारीक फरक दाखवणाऱ्या मापकावर) भागवा. चाक गाडीवरच, जॅकवर. रिमच्या आतल्या काठावर वरखाली आणि आतबाहेर ०.७५ मिमीच्या आत, टायरच्या माथ्यावर १.५ मिमीच्या आत असेल तर पुढे जा. रिमच त्याबाहेर असेल तर ती परत करा; वाकडी नवी रिम ठोकून सरळ करून घेण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट, जी फक्त ऑफ-रोड करणाऱ्यांना लागू पडते. वाळूत किंवा दगडांत हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवून जोर लावला की टायर रिमवर सरकतो. वजनं रिमवर जिथल्या तिथे राहतात, टायरची जड बाजू दुसरीकडे जाते. बॅलन्सिंग झाल्यावर व्हॉल्व्हसमोर टायरवर पेंटची रेघ मारून ठेवा. ट्रेलनंतर थरथर सुरू झाली आणि रेघ व्हॉल्व्हपासून चार बोटं सरकलेली दिसली, तर उत्तर मिळालं.

दोष चाकात की गाडीत

जुनी चाकं विकू नका. पुढच्या दोन्ही चाकांच्या जागी कंपनीची चाकं लावून तोच रस्ता त्याच वेगाने चालवा. थरथर गेली तर चाकांचा दोष, राहिली तर गाडीचा. २३५/७५ आणि १९५/८० यांच्या व्यासात चार सेंटिमीटरचा फरक आहे, म्हणून ही चाचणी फक्त टू-एच मध्ये (फक्त मागची चाकं ओढत असताना), थोडाच वेळ. ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागू शकतो. फोर-एच (चारही चाकं) अजिबात टाकू नका, जिम्नीत पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सामावणारं मधलं डिफरन्शियल नाही. चाचणीला डांबराचा गुळगुळीत पट्टा निवडा. समृद्धीच्या किंवा पुणे-मुंबई द्रुतगतीच्या काँक्रीटवर रस्त्याचीच गुणगुण इतकी असते की फसगत होते.

स्टिअरिंगमध्ये थरथर असेल तर पुढची चाकं, सीटखाली असेल तर मागची, फक्त ब्रेक मारताना असेल तर पुढच्या डिस्क. ताशी ८० ला सेकंदाला दहा ठोके हे चाकाचं लक्षण. प्रॉपेलर शाफ्ट (ॲक्सलला ताकद पोचवणारा दांडा) चाकाच्या सुमारे चौपट वेगाने फिरतो, त्याची ठोक्यांसारखी थरथर न होता भुणभुण होते.

या सगळ्याहून वेगळा प्रकार म्हणजे ६०-७० ला खड्डा किंवा पुलाचा सांधा लागताच स्टिअरिंग जोरजोरात डावं-उजवं आपटायला लागणं, गाडी जवळपास थांबेपर्यंत न थांबणारं. पुढे अखंड ॲक्सल असलेल्या गाड्यांचा हा दोष आहे. थारच्या पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने तिथे तो नसतो. नवी चाकं हा दोष निर्माण करत नाहीत, पण दडलेला वर काढतात. +५ ऐवजी −१० ऑफसेटची १५×७ रिम लावली की चाकाचा मध्य १५ मिमी आणि बाहेरचा काठ ३४ मिमी बाहेर जातो. स्टिअरिंग वळतं त्या अक्षापासून टायर दूर गेला की रस्त्याचा प्रत्येक धक्का लांब तरफेने स्टिअरिंगला लागतो. त्यात दोन इंची लिफ्ट असेल तर कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) कमी झालेला असतो, चाकाची स्वतःहून सरळ होण्याची ताकद घटते. रिम निवडतानाच ऑफसेट शून्याच्या खाली नेऊ नका, हा सल्ला दिसण्यासाठी घेतलेल्या रिमांच्या गर्दीत कुणाला आवडत नाही, पण पुढचा खर्च त्यावरच ठरतो. स्पेसर लावून तेच करणं त्याहून वाईट, कारण मध्य चुकण्याची आणखी एक जागा तयार होते.

तपासणी अशी. इंजिन चालू, चाकं जमिनीवर. एकाने स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्याने खाली बसून टाय रॉडची (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची) टोकं, ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून येणारा दांडा) आणि पॅनहार्ड रॉडच्या (ॲक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांच्या रबरी बुशांवर बोट ठेवायचं. जिथे बोल्ट आधी हलतो आणि रॉड मागाहून, तिथे खेळ आहे. मग चाक जॅकवर घेऊन, गाडी स्टँडवर टेकवून, वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेकने खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिनचं (ज्या खुंटीवर चाक वळतं तिचं) बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून खेळ असेल तर टाय रॉडचं टोक.

किंगपिनची बेअरिंग आणि शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) योग्य दाबाने बसवून घेणं हे मेहनतीचं काम आहे, आणि ज्या गाड्यांत खेळ निघतो त्यांत फरक तिथेच पडतो. या कामाला जिप्सीवर हात बसलेला मेकॅनिक शोधा. नकल (किंगपिनवर वळणारा भाग) फिरवायला किती जोर लागतो हे स्प्रिंग काट्याने मोजणारा असेल तर डोळे मिटून काम द्या.

अलाइनमेंटच्या दुकानात ‘कॅम्बर-कॅस्टर सेट करून देतो’ असं सांगितलं जातं. जिम्नीच्या पुढच्या ॲक्सलवर जागेवर फिरवून बदलता येतो तो फक्त टो, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत-बाहेर किती वळली आहेत ते. कॅस्टर बदलायचा तर वेगळे बुश किंवा आर्म लागतात. टो नीट असणं टायरच्या झिजेसाठी गरजेचं आहेच, पण ८० ची थरथर त्याने जात नाही.

डॅम्पर जाड घ्या, गॅसचा घ्या, महाग घ्या. ढिल्या किंगपिनवर तो काही हजार किलोमीटर लक्षण झाकतो, आणि तोवर खेळ वाढत जातो. जुना डॅम्पर तेल गाळत असेल, किंवा काढून हाताने दाबल्यावर मध्येच मोकळा जात असेल, तेव्हाच बदला.

काम संपल्यावर बिलावर इतकं लिहून घ्या: रिमचं भोक, रिंगचं बाहेरचं आणि आतलं माप, ऑफसेट, नटाचे आटे आणि तोंडाची जात, प्रत्येक चाकाला आत-बाहेर किती ग्रॅम लागले. पुढचे टायर दुसऱ्या गावात बदलायची वेळ आली तर हाच कागद उपयोगी पडतो. आणि चाकं उतरवली की रिंग कधी हबवर चिकटून राहतात, कधी रिममधून निसटून दुकानाच्या फरशीवर पडतात. चाकं चढवण्याआधी चारही मोजून घ्या.